बोटभर भेग

पत्रू मिस्त्रीने हातातली थापी खाली ठेवली त्याला सहा वर्षं झाली होती, तरी चंद्रपूरचे लोक त्याला सुखाने बसू देत नव्हते. कोणी जुनं घर विकत घ्यायला निघाला की मोहल्ल्यातलं कोणीतरी त्याला हटकून सांगायचं, "आधी पत्रू मिस्त्रीले दाखव बाप्पा, मंग बयाना दे." मग तो गृहस्थ भर दुपारी पत्रूच्या दारात येऊन उभा राही. पत्रूचं वय एकसष्ट. गुडघे कामातून गेलेले. उकिडवं बसलं की उठायला भिंत धरावी लागे, आणि भिंत धरून उठता उठता त्या भिंतीकडेही तो एकदा पाहून घेई. ही खोड काही जात नव्हती.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. बांधलेलं घर कसं पाहावं, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. माणूस बैल घेताना दात पाहतो, मडकं घेताना वाजवून पाहतो, आणि घर घेताना रंग पाहून येतो. पुढे चार पावसाळ्यांनी दार उंबऱ्यात अडकायला लागलं, की मग कपाळाला हात लावतो. असल्या लोकांसाठी पत्रू उपयोगाचा होता. नारळ आणि जाण्यायेण्याचं भाडं, याच्यावर त्याने कधी काही मागितलं नाही.

घरात शिरला की तो आधी खिशातून काचेची गोटी काढून जमिनीवर सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. मग ओळंबा लावायचा. मग खिडक्यांचे कोपरे, कारण घर हललं तर भिंत पहिल्यांदा तिथून फाटते. भेग सापडली की कमरेच्या पुडक्यातलं बारीक पातं काढून तिच्या ओठांवरचा चुना खरवडायचा. वर्षाला चुन्याचा एक हात, असे एकावर एक थर. एखाद्या वर्षी बाईने नीळ जास्त घातलेली, एखाद्या वर्षी कमी, त्यामुळे ते मोजता येत. भेगेच्या आतपर्यंत जुना चुना गेलेला असला की ती भेग 'निजलेली'. काठ कोरे, लालबुंद वीट दिसणारे असले की ती 'जागी'. निजलेलं घर घ्यायचं, जागं घर सोडायचं. चोवीस-पंचवीस वर्षं त्याने लोकांना हेच सांगितलं होतं.

आणि घरमालकाशी तो एक शब्द बोलत नसे. मालक पुढे होऊन म्हणू लागला, की ही भेग तर आमच्या आज्याच्या वेळची, तर पत्रू हात वर करी. "तुमी बसा जी. मी भिंतीले विचारून राह्यलो."

हा ताठा त्याच्यात जन्माचा नव्हता. तो मूळचा ढिवराचा पोर. बाप मूल तालुक्यातल्या एका खेड्यात तलावावर जाळं टाकायचा. वैशाखात तलाव आटला की काळ्या गाळाला भेगा पडत, आणि त्यांत पाय घालून पोरं खेळत. मृगाचा पाऊस पडला की दोन दिवसांत भेगा मिटून जात. काळी कन्हार माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आखडते, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पुढे चंद्रपुरात येऊन तो गवंड्यांच्या हाताखाली लागला, मिस्त्री झाला, आणि साठ साली त्याने एक चूक केली. एका कापडवाल्याला घर घ्यायचं होतं. पत्रूने भिंतीतली भेग पाहिली, मालकाला विचारलं, मालकाने देवाची शपथ घेऊन सांगितलं की दहा वर्षांत तसूभर हललेली नाही. पत्रूने मान डोलावली. सौदा झाला, आणि डागडुजी करताना श्रावणात ती भिंत आडवी झाली. तिच्याखाली पत्रूचा जोडीदार इस्तारी सापडला. जीव वाचला, पण उजवा पाय गेला. पुढली बावीस वर्षं इस्तारी काठी टेकत पत्रूच्या घरी यायचा, चहा प्यायचा, आणि चुकूनही त्या भिंतीचं नाव काढायचा नाही. त्याने एकदा तरी शिवी घातली असती तर बरं झालं असतं, असं पत्रूला वाटायचं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बासष्ट साली त्याच्या बायकोने, कमळाने, जटपुरा दरवाजाच्या आतल्या एका गल्लीत एक लहानसं घर हेरलं. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, आणि मागे स्वतःची विहीर. कमळा दिवसाला बारा-बारा खेपा सार्वजनिक विहिरीवरून आणायची, तिला त्या विहिरीचं वेड लागलं. "पाणी गोड आहे जी," ती म्हणाली. तिने ते पिऊनही पाहिलं होतं. पत्रूने ते घर पाहिलं. वायव्य कोपऱ्यात कोरी भेग होती. "जागं घर आहे," तो म्हणाला, आणि विषय मिटला. कमळा भांडली नाही. मिस्त्रीची बायको मिस्त्रीशी भिंतीवरून काय भांडणार? ती सोळा वर्षं आणखी पाणी भरत राहिली आणि अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात काविळीने गेली. हजार लोकांची घरं बांधणारा आणि तपासणारा पत्रू अजून भाड्याच्या कुडाच्या खोलीतच राहत होता. त्या जटपुऱ्याच्या गल्लीतून मात्र तो जात नसे. बाजाराला जायचं तर लांबून जाई, आणि गुडघे दुखले तरी लांबूनच जाई.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर त्याच्या मुलीचं, वच्छलाचं कार्ड आलं. ती भद्रावतीला राहायची. नवरा सुकलू माजरीकडच्या एका कोळशाच्या खाणीत होता, जमिनीखाली. छताला लाकडी थुण्यांचा टेकू द्यायचं त्याचं काम. बारा वर्षांत त्यांनी भाड्याच्या नऊ खोल्या बदलल्या होत्या. कुठे मालक चुलीच्या धुरावरून कुरकुरायचा, कुठे मालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं. आता एक घर विकायला निघालं होतं. कार्डात लिहिलं होतं: बा, एकदा येऊन पाहून जा, तुझे जवाई म्हणतात मामाजींनी हो म्हटलं तरच घ्यायचं.

पत्रूला जायचं नव्हतं. थकला होता तो. लोकांच्या आयुष्याची कमाई त्याच्या एका शब्दावर लोंबकळत राहते, हे ओझं तरुणपणी मिरवायला बरं असतं. म्हातारपणी ते पाठीला लागतं. पण पोटच्या पोरीला नाही कसं म्हणणार? रविवारी सकाळची एसटी धरून तो भद्रावतीला उतरला.

सुकलू बसस्टँडवर घ्यायला आला होता. पस्तिशीचा माणूस, पण डोळ्यांखाली काळं. कोळशाचं नव्हे, जागरणाचं. वाटेत तो म्हणाला, "मामाजी, मी आठ घंटे खाली छताचा आवाज आयकत राह्यतो. घरी येऊन पडलो तरी कान मिटत नाई. उंदीर धावला का मी उठून बसतो. मले मोठं घर नाई पाह्यजे. खालची जमीन हलत नसन असं पाह्यजे. मले झोपाचं आहे, बस."

घर सोमाजी गुरुजींचं होतं. गुरुजी निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला निघाले होते. घर एकसष्ट सालचं, विटांचं, वर कवेलू. ओसरीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. पत्रूने दारातच जय भीम घातला, गुरुजींनीही हात जोडले आणि खाट सरकवून दिली. पत्रू बसला नाही. बसला असता तर उठवलं नसतं.

गोटी सोडली, ती वायव्येच्या कोपऱ्याकडे जरा सरकून थांबली. पंचवीस वर्षांच्या घराला एवढं माफ. ओळंबा ठीक. मग आतल्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेली भेग दिसली. पुन्हा वायव्य कोपरा. जटपुऱ्याच्या घरासारखाच. भेग बारीक होती, केसापेक्षा थोडी जाड. त्याने पातं काढलं.

"मिस्त्री, त्या भेगेचं असं आहे—" मागून गुरुजी म्हणाले.

पत्रूने हात वर केला. "तुमी बसा गुरुजी. मी भिंतीले विचारून राह्यलो."

पत्रू खरवडू लागला. भेगेच्या दोन्ही ओठांवरून आतपर्यंत चुना गेलेला होता. थरावर थर. एक निळसर, एक पांढरा, पुन्हा निळसर. तो अठरापर्यंत मोजत गेला आणि मग कंटाळला. आतून चुन्याचा भुगा निघत होता. म्हातारा चुना असाच, म्हणून त्याने तो फुंकून टाकला. त्याला बरं वाटत होतं, घरी लवकर जाता येईल म्हणून.

ओसरीत येऊन त्याने सांगितलं, "निजलेलं घर आहे, जवाईबापू. घ्या."

वच्छलाने पदराने डोळे पुसले. सुकलू खाटेवर टेकला होता, तसाच मागे भिंतीला रेलला आणि चहा येईपर्यंत चक्क झोपी गेला. तोंड उघडं, हात पोटावर. वच्छला त्याच्याकडे बघतच राहिली. बापाच्या कानाशी येऊन म्हणाली, "बारा वर्सांत असे दुसऱ्याच्या दारात झोपलेले मी पाह्यले नाई."

चहा घेऊन गुरुजींची बायको, मनकर्णाबाई आली. कप देता देता भिंतीवरून हात फिरवत ती म्हणाली, "सगळं ठीक आहे भाऊ, येवढंच मनाले लागते का येत्या जयंतीले या घराले माह्या हातानं चुना नाई लागनार. पंचवीस वर्सं झाले, एप्रिल लागला का मी बालटी भरलीच."

पत्रूचा कप ओठाशीच राहिला. "दिवाळीले नाई लावत?"

"आमची कायची दिवाळी भाऊ," ती हसून म्हणाली आणि आत गेली.

एका वाक्यात पंचवीस वर्षांची अक्कल मातीत गेली. पत्रूने जन्मभर ज्यांच्या भेगा वाचल्या ती बहुतेक घरं दिवाळीला चुना लावणारी. दिवाळी पावसाळ्यानंतर येते. तेव्हा काळी माती फुगलेली असते, आणि हंगामाबरोबर उघडमीट करणारी भेग नेमकी मिटलेली असते. तिच्यात कुंचला शिरत नाही. म्हणून त्या घरांत आत चुना दिसला, तर ती भेग मिटतच नाही, म्हणजे हलत नाही, निजलेली, असा त्याचा हिशेब. पण जयंती एप्रिलात. भर उन्हाळा, माती आखडलेली, भेग आ वासून उभी. कुंचला खुशाल आत जातो. या घरात आतला चुना काहीच सांगत नव्हता. आणि तो भुगा म्हातारा नव्हता. मृगात भेग मिटते तेव्हा दोन ओठांत चुना चिरडून झालेला तो भुगा होता.

दारात शिरताना त्याने स्वतःच्या तोंडाने जय भीम घातला होता. तसबिरी पाहिल्या होत्या. तरी हात सवयीने मोजत गेले. त्याला लाज वाटली, पोरीसमोर चोरी करताना सापडल्यासारखी. बोलायला पाहिजे होतं, तिथेच, त्याच घडीला. त्याने सुकलूकडे पाहिलं. सुकलू घोरत होता. पत्रूने उरलेला चहा संपवला.

त्या मुक्कामात त्याला जेवण गेलं नाही. बयाना गुरुवारी द्यायचा ठरला होता. दुसऱ्या दिवशी सुकलू पहिल्या पाळीला गेल्यावर पत्रू एकटाच गुरुजींकडे गेला. गुरुजी पुस्तकांचे गठ्ठे बांधत बसले होते. पत्रू या खेपेला आपणहून खाटेवर बसला.

"गुरुजी, ते भेग उन्हाळ्यात केवढी होते?"

चोवीस-पंचवीस वर्षांत त्याने घरमालकाला विचारलेला हा पहिला प्रश्न. गुरुजींनी सुतळी खाली ठेवली.

"हे मधलं बोट जातं, एका पेराइतकं. एप्रिल-मेमध्ये. मृगानंतर महिनाभरात मिटते. पहिल्या वर्षापासून असंच आहे." मग सुतळी पुन्हा उचलत म्हणाले, "मी सांगायला तोंड उघडलं होतं मिस्त्री. तुम्ही हात वर केला. मला वाटलं, एवढा जाणता माणूस, त्याला ठाऊकच असणार."

"वाढली का?"

"नाही. दर मे महिन्यात मी बोट घालून पाहतो. बोट तेच आणि भेगही तीच. पण तुम्हाला नको वाटत असेल तर राहू द्या. बयाना अजून दिलेला नाही. दुसरं गिऱ्हाईक आहे, नसलं तरी मी राग धरणार नाही."

पत्रूने मान हलवली. सच्चा माणूस समोर होता आणि आपण त्याला चोर समजून गप्प बसवलं, हे त्याला फार लागलं. तो पाय ओढत वच्छलाच्या खोलीवर आला. ती अंगणात भांडी घासत होती.

"वच्छला, मी चुकलो. ते घर जागं आहे. उन्हाळ्यात बोट जाते भेगीत."

वच्छलाने हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही. घासतच राहिली. "मले माहीत आहे, बा."

"तुले?"

"मनकर्णाबाईनं पहिल्याच दिवशी सांगतलं. इच्चू-काटा येऊ नये म्हून चिंधी कुठी कोंबाची ते बी दाखवलं. मीच तुले दिवाळीनंतर बोलावलं. तवा भेग मिटून राह्यते ना. मिस्त्रीची पोरगी आहो मी."

पत्रू ओट्यावर बसला. "काऊन केलं असं?"

"कारन तू हो म्हनल्याबिगर हे घेनार नाई, आन् तू कोनत्याच घराले हो म्हनत नाई." आता ती त्याच्याकडे वळली. हात राखेने भरलेले. "नऊ खोल्या झाल्या, बा. दरखेपेस मी चूल मोडाची आन् नवी घालाची. कोन्या खोलीत मी खिळा ठोकला नाई, मालक म्हनन भिंत खराब केली. आईले बी तू असंच म्हनलं होतं. जागं घर आहे. चोवीस वर्सं झाले त्याले. मी माहेरी चंद्रपूरले येते तवा त्या गल्लीतून जाते. ते घर अजून उभं आहे."

पत्रू ओटा धरून उठला आणि म्हणाला, "जवाईबापूले सांगा लागन."

"सांगतलं तं ते नाई म्हननार. अन् पुन्हा झोपनार नाई."

"कमळीले मी एक बोललो. जवाईबापूले दुसरं बोलून फसवू का? त्यायनं माह्या शब्दावर डोळे मिटले, पोरी. मले सांगा लागन."

वच्छलाने भांड्यांवर पाणी ओतलं. तिने त्याला अडवलं नाही.

चार वाजून गेल्यावर सुकलू आला. हातपाय धुवून, चटईवर बसून तो पाणी प्यायला. पत्रूने सगळं सांगितलं. चुन्याचं सांगितलं, एप्रिलचं सांगितलं, बोटाचं सांगितलं. वच्छलाला कधीपासून माहीत होतं तेवढं वगळलं. बापाने एवढं केलंच पाहिजे. वच्छला चुलीशी पाठमोरी बसली होती, तिचा पीठ मळणारा हात थांबला.

सुकलूने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पंचवीस वर्सांत बोटभरच?"

"गुरुजी म्हनतात. दर साली पाह्यतात ते."

"अन् वेळेवर? उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते?"

"हो."

सुकलूने पाण्याचा गडू हातात फिरवला. मग म्हणाला, "मामाजी, आमच्या खाली लोखंडाच्या थुण्या बी देतात आजकाल. आमाले लाकडाचीच आवडते. काऊन, तं लाकूड करकरते. करकरली का आमी समजतो, छत बसून राह्यलं, बाजूले व्हा. लोखंड बोलत नाई, एकदम जाते. जे सांगून हलते त्याची मले भेव नाई लागत. मी भेतो ते न सांगता हलनाऱ्याले." त्याने गडू पालथा घातला. "मी तुमाले हलत नाई असं घर मांगतलं, तेच चुकलं. असं घर नसतेच. हे घ्याचं. उन्हाळ्यात मी बी बोट घालून पाह्यत जाईन. एकच बोट जाऊन राह्यलं तोवर झोपत जाईन. ज्या दिवशी दोन बोटं जातीन त्या दिवशी पाहू."

वच्छला तोंड न वळवता भाकरी थापू लागली. तिचे खांदे हलत होते. सुकलूला ते दिसलं नाही, की दिसूनही तो बोलला नाही, कोण जाणे.

पत्रूला मोकळं वाटायला हवं होतं. त्याला तसं काही वाटलं नाही. खाणीत थुण्या ठोकणाऱ्या माणसाला एका बैठकीत जे कळलं ते आपल्याला उभ्या जन्मात कळलं नाही, एवढंच कळलं. निजलेलं आणि जागं, असे दोनच कप्पे करून त्याने अर्ध्या चंद्रपूरची घरं त्यांत घालून टाकली होती. तिसरा कप्पा असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि तो सांगायला घराघरांत माणसं बसली होती. त्यांना त्याने हात वर करून गप्प केलं होतं.

बयाना झाला, घर झालं. वच्छलाने पहिल्याच दिवशी भिंतीत पाच खिळे ठोकले. एवढ्या खिळ्यांना अडकवायला तिच्यापाशी वस्तूही नव्हत्या.

वैशाखात तिने बापाला बोलावून घेतलं. पत्रू आतल्या खोलीत गेला, चिंधी काढली आणि भेगेत मधलं बोट घातलं. पहिल्या पेरापर्यंत गेलं आणि थांबलं. बाहेर सुकलू दुपारचा निजला होता, ओसरीत, उघड्या जमिनीवर. पत्रूने चिंधी पुन्हा नीट कोंबली. वच्छला म्हणाली, "यंदा दिवाळीले चुना लावाचा का आताच?" पत्रू म्हणाला, "दिवाळीलेच लाव. काठ कोरे राहू दे. उद्या तुमी विकालं तं पुढच्याले भेग दिसली पाह्यजे. अन् त्यानं विचारलं तं सांगजा. नाई विचारलं तरी सांगजा."

संध्याकाळच्या आत तो चंद्रपूरला परतला. जटपुऱ्यापाशी रिक्षावाल्याने विचारलं, कुठी? पत्रू पायीच निघाला. बाजारातून लांबचा रस्ता होता, तो त्याने घेतला नाही.

गल्ली तेवढीच होती. घरही तेच. कवेलू बदललेले, दाराला हिरवा रंग. ओट्यावर त्याच्याच वयाची एक बाई डाळ निवडत बसली होती. रंभाबाई तिचं नाव. बासष्ट सालीच तिच्या नवऱ्याने, शिंप्याने, ते घर घेतलं होतं. पत्रूने नाव सांगितलं. तिने ओळखलं नाही, पण बसा म्हणाली. तो बसला नाही. भिंत धरून उभा राहिला.

"बाई, एक विचारतो. तुमच्या त्या मागच्या कोपऱ्यात भेग आहे. उन्हाळ्यात केवढी होते?"

अनोळखी म्हाताऱ्याने दारात येऊन असं विचारावं, याचं रंभाबाईला नवल वाटलं असेल. पण तिने सूप बाजूला ठेवून सरळ सांगितलं. तिला कोणी गप्प केलं नाही.

"होते जी. बोटभर. आमी आलो तवापासून तेवढीच. पान्यात मिटून जाते." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमाले बरं नाई वाटून राह्यलं का भाऊ? उन्हातून आले. बसा ना."

पत्रू बसला. ती आत गेली, मागच्या दाराने विहिरीवर. रहाटाची कुरकुर ऐकू आली, बादली पाण्यावर आपटली, वर आली. रंभाबाईने तांब्या आणून दिला. पत्रू तो दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायला, सगळं, थांबत थांबत.

पाणी गोड होतं.